कावीळ उतरते कशाने?

पावसाळ्याचे पहिले दोन महिने सरले, की आपल्याकडे काही घरांच्या ओट्यांवर पहाटेपासून माणसे येऊन बसू लागतात. दाराशी एखादी पत्र्याची पाटी असते: ‘येथे काविळीचे औषध मिळेल’. खाली वार दिलेले असतात, बहुधा रविवार आणि बुधवार. अटीही ठरलेल्या असतात. उजाडण्यापूर्वी यायचे, अनशापोटी यायचे, आणि औषध कशाचे ते विचारायचे नाही. पैसे घेत नाहीत, फार तर एक नारळ. औषध देणारा हा गृहस्थ वैद्य नसतो. तो शेतकरी असेल, प्राथमिक शाळेतला मास्तर असेल, एस. टी.तून निवृत्त झालेला कंडक्टर असेल. त्याच्या आजोबांना कुणा बैराग्याने ही मुळी दाखवली आणि पैसे घेतलेस तर गुण जाईल असे बजावले, ही कथाही जवळजवळ सगळीकडे सारखीच.

या ओट्यावर बसलेल्यांत शहाणीसुरती, शिकलेली माणसे असतात. कित्येकांच्या पिशवीत रक्ततपासणीचा कागद आणि सोनोग्राफीचे पाकीट असते. त्यांना विचारले, तर एकच उत्तर मिळते, “काविळीवर डॉक्टरांकडे औषध नाही हो!” हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे, पुष्कळदा स्वतः उच्चारलेलेही आहे. गंमत अशी, की ते निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्यापायी दरवर्षी माणसे दगावतात.

मुळात कावीळ हा रोग नाही. ते एक लक्षण आहे, ताप जसे लक्षण आहे तसे. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडीत निघाल्या, की त्यांच्यातील रंगद्रव्यापासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही. उजव्या बरगड्यांखाली बसलेले सुमारे दीड किलोचे यकृत ते रक्तातून उचलते, त्यावर प्रक्रिया करून विरघळण्याजोगे करते आणि पित्तातून आतड्यात सोडून देते. विष्ठेला जो रंग असतो, तो याच द्रव्याचा. निरोगी माणसाच्या रक्तात १०० मिलिलिटरमागे याचे प्रमाण एक मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली असते. ते अडीच-तीनच्या पुढे गेले, की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो.

आता हे बिघडायच्या जागा तीन. तांबड्या पेशीच जास्त फुटू लागल्या, तर यकृताला तेवढा माल उचलणे जमत नाही. मलेरियात असे होते, विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलच्या आजारात होते. यकृताच्या पेशी आजारी पडल्या, विषाणूने, दारूने किंवा एखाद्या औषधाने, तर कारखानाच मंदावतो. आणि कारखाना ठीक असूनही बाहेर जाणारी नळी तुंबली, खड्याने किंवा गाठीने, तर माल उलटा रक्तात येतो. तिन्ही माणसे दिसायला सारखीच पिवळी. एकाला मलेरियाची गोळी हवी, दुसऱ्याला विश्रांती, तिसऱ्याला शस्त्रक्रिया. ओट्यावर मात्र तिघांना एकाच पेल्यातला रस मिळतो.

याला ‘आपली प्राचीन परंपरा’ म्हणायचे असेल, तर परंपरेत प्रत्यक्ष काय आहे ते पाहायला हवे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे आणि कामला, म्हणजे कावीळ, त्याच अध्यायात येते. रोग्याचे डोळे, कातडी, नखे, तोंड हळदीसारखे होते आणि अंगाचा वर्ण बेडकासारखा होतो, असे वर्णन तेथे आहे. (ज्यांनी पहिल्या पावसात डबक्याकाठी पिवळेजर्द झालेले नर बेडूक पाहिले असतील, त्यांना ही उपमा लगेच पटेल.) पण चरक एवढ्यावर थांबत नाही. तो आणखी एका काविळीचे लक्षण सांगतो: रोगी पिवळा आहे, पण त्याला शौचाला मात्र वाटलेल्या तिळांच्या पिठासारखी पांढुरकी होते. येथे पित्ताची वाट कफाने अडवली आहे, असे त्याचे निदान आहे. आणि म्हणून उपचारही निराळा. पहिल्या प्रकारात कडू औषधांनी सौम्य रेचन द्यायचे. दुसऱ्यात आधी वाट मोकळी करायची, तिखट, आंबट, रूक्ष पदार्थ द्यायचे, मोर-तित्तिरांच्या मांसाचे रस, वाळलेल्या मुळ्याचे आणि कुळथाचे कढण द्यायचे, आणि विष्ठेला पुन्हा पित्ताचा रंग चढला, की मग नेहमीच्या उपचाराकडे वळायचे.

‘कफाने अडवलेली वाट’ हे स्पष्टीकरण आजच्या शरीरशास्त्राशी जुळत नाही, आणि कुळथाच्या कढणाने पित्तनळीतला खडा सुटत नाही, हे उघड आहे. पण निरीक्षण चोख आहे. आजही पिवळ्या रोग्याला पाहिल्यावर पोटविकाराचा डॉक्टर जे पहिले दोन-तीन प्रश्न विचारतो, त्यांत ‘शौचाचा रंग कसा आहे?’ हा एक असतोच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला सगळ्या कावीळी सारख्या नसतात हे कळले होते. मधल्या काळात ते सूत्र कुठे तरी निसटले आणि औषधाचा पेला तेवढा उरला.

उरलेल्या उपायांचा पसारा मात्र मोठा आहे. भुईआवळीचा रस, एरंडाच्या कोवळ्या पानांचा रस दुधातून, गुळवेलीचा काढा, कुटकीचे चूर्ण, कोरफडीचा गर, हे पोटात घ्यायचे. देवडांगरीच्या फळाचे पाणी नाकात सोडायचे. त्याने नाकाचे आतले अस्तर इतके चुरचुरते, की तासन् तास पिवळे पाणी गळत राहते आणि रोग्याला कावीळ गळून जात असल्याचे ‘दिसते’. काही भागांत मनगटावर किंवा पोटावर तापल्या सळईचा डाग देतात. याबद्दल एवढेच म्हणायचे, की तो उपचार नव्हे, इजा आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर गुन्हाच समजावा.

आणि माळ! काविळीची माळ ज्याने पाहिलेली नाही असा मराठी माणूस विरळा. कसल्याशा झाडाच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफून लहानशी माळ करतात, ती डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ती वाढत जाते, गळ्यात येते, पोटापर्यंत उतरते. माळ उतरली, कावीळ उतरली. यातली युक्ती गाठीत आहे. ओल्या काड्या वाळल्या, की आक्रसतात, त्यांच्याभोवतीचे वेढे सैल होतात आणि तेवढा दोरा मोकळा होऊन माळ लांबते. खुंटीला टांगून ठेवली तरीही लांबते. हात धुऊन कावीळ काढण्याचेही तसेच. रोग्याच्या हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो, आणि चुन्याच्या निवळीत हात बुडवले, की पाणी पिवळे होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग शाळाशाळांतून करून दाखवत आले आहेत. ठणठणीत मुलांच्या हातांतूनही तितकीच कावीळ निघते.

तरीही माणसे बरी होतात, हे नाकारता येत नाही. का होतात?

आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर येणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ‘ए’ किंवा ‘ई’ या विषाणूंची असते. दोन्ही तोंडावाटे, घाण पाण्यातून आणि अन्नातून येतात. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत ‘ए’ला साधारण महिना लागतो, ‘ई’ला दोन ते दहा आठवडे. आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, अंग मोडून येणे. मग लघवी गडद होते, डोळे पिवळे होतात. आणि नेमक्या याच सुमारास, बहुतेकांच्या बाबतीत, शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूवर मात करू लागलेली असते. ताप उतरतो, चार-आठ दिवसांत भूक परत येते. पिवळेपणा तेवढा रेंगाळतो आणि काही आठवड्यांत तोही जातो. घरच्यांना डोळे पिवळे दिसतात तेव्हा ते औषधाला धावतात. म्हणजे औषध पोटात जाते ते बहुधा उताराला लागल्यावर. त्यानंतरच्या प्रत्येक सुधारणेचे श्रेय त्या पेल्याला मिळते. डॉक्टरांकडे औषध नाही, हे येथे खरे आहे. पण ते यासाठी, की येथे औषधाची गरज नसते. पाणी, विश्रांती, सोसेल ते खाणे आणि रक्तातील काही आकड्यांवर लक्ष, एवढेच लागते.

म्हणजे वनस्पतींत काहीच अर्थ नाही काय? तसेही नाही, आणि येथे प्रकरण रंजक होते.

भुईआवळी आपल्या सर्वांच्या ओळखीची. पावसात अंगणात, कुंडीत, फरसबंदीच्या फटीत उगवणारे ते वीतभर रोप. पान उलटे करून पाहावे, तर खाली मोहरीएवढे हिरवे दाणे ओळीने लागलेले. या रोपाने एका नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाला भुरळ घातली होती. हिपॅटायटिस ‘बी’च्या विषाणूचा माग काढल्याबद्दल बारूक ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी आणि मद्रासच्या एस. पी. त्यागराजन यांनी भुईआवळीवर एकत्र काम केले. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘बी’ विषाणू अंगात कायमचा मुक्कामाला आलेल्या लोकांना महिनाभर भुईआवळीचे चूर्ण दिले, तेव्हा ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसती फसवी गोळी घेणाऱ्या २३ पैकी एकाचीच झाली. जगभर खळबळ उडाली. साहजिकच इतर देशांत तोच प्रयोग करून पाहण्यात आला, आणि तेथे ते फळ मिळेना. थायलंडमध्ये नाही, हॉलंडमध्ये नाही. रोप तेच होते की त्याचे भाऊबंद होते, कोणत्या ऋतूत तोडले, कसे वाळवले, यावर वाद झाले. मोठ्या चाचण्यांत भुईआवळीचा तो गुण काही ठामपणे सिद्ध झाला नाही. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपल्या अंगणातल्या रोपाला कुणी हसण्यावारी नेले नाही. त्याची रीतसर परीक्षा घेतली, आणि ते त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले नाही. याला अन्याय म्हणता येत नाही.

कुटकीची कहाणी थोडी वेगळी. हिला मराठीत केदारकडू असेही म्हणतात. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर वाढणारी ही मुळी इतकी कडू, की जिभेवरून चव घालवायला अर्धा दिवस लागावा. वैद्यांच्या आरोग्यवर्धिनीत निम्मा वाटा कुटकीचा असतो. फलत्रिकादि काढ्यातही ती त्रिफळा, गुळवेल, अडुळसा, कडुनिंब, काडेचिराईत यांच्या पंगतीला असते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने कुटकीपासून ‘पिक्रोलिव्ह’ नावाचे द्रव्य वेगळे केले, आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या यकृताला निरनिराळ्या विषांपासून ते संरक्षण देते असे दिसून आले. प्राण्यांवरून माणसांपर्यंतचा रस्ता मात्र लांब असतो. दरम्यान मागणी एवढी वाढली, की रानातली कुटकी उपटून उपटून संपत चालली आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. युरोपात असेच एका काटेरी झुडपाच्या बियांपासून निघणारे सिलिमारिन यकृतासाठी वापरतात. विषारी अळंबी खाल्लेल्या रोग्यांना त्यातलाच एक घटक तेथे शिरेतून देतात. थोडक्यात, वनस्पतींच्या दुनियेत यकृताच्या उपयोगाचे काही ना काही असणारच. पण कोणत्या रोगात, किती, कुणाला, हे प्रश्न सुटत नाहीत.

ते प्रश्न न विचारल्याने काय होते, हे गुळवेलीने दाखवले. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले. कडुनिंबावर चढलेली गुळवेल उत्तम, म्हणून लोक ती शोधत फिरत होते. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी अशा सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, ज्यांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताची सूज आणि कावीळ झाली होती. ज्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटण्याकडे झुकलेली असते, त्यांना गुळवेल चिथावणी देत असावी, असा त्यांचा तर्क होता. पुढे देशातील इतर रुग्णालयांतूनही असे रोगी नोंदवले गेले. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली. रोग्यांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरीच जात, याची खात्री केलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. वाद आहे तो आहे. पण समजा, मंत्रालयाचे म्हणणेच बरोबर धरले, तरी सामान्य माणसाची पंचाईत सुटत नाही. बाजारात आणि बांधावर जी वेल मिळते, ती कोणती हे त्याने कसे ओळखायचे? आणि ओट्यावर तर औषधाचे नावही विचारायचे नसते.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर लिखाण एकांगी होईल. यकृताला इजा करणाऱ्या औषधांत आपल्या नेहमीच्या गोळ्याही आहेत. क्षयावरची आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही औषधे जीव वाचवतात आणि काहींना कावीळही करतात. साधी पॅरासिटामॉल मोठ्या मात्रेत घेतली, तर यकृत निकामी होऊ शकते. फरक एवढाच, की या गोळीचे नाव पाकिटावर असते, मात्रा ठाऊक असते आणि काही बिनसले तर ती बंद करता येते.

आता पथ्याकडे येऊ. कारण आमच्या घरोघरच्या काविळीत औषधापेक्षा पथ्याचा दरारा मोठा. तेल-तूप बंद. फोडणी बंद. हळद तर घरातच नको. मऊ भात, भाजलेले चणे आणि गूळ, मुळा, मनुका, ताक, आणि उसाचा रस, तोही दिवसातून दोन-तीनदा. यातल्या काही गोष्टींना अर्थ आहे. पित्त नीट येत नसेल, तर स्निग्ध पदार्थ पचायला जड जातात आणि मळमळ वाढते. रोगी आपण होऊनच तळण नको म्हणतो. पण महिना-महिना नुसत्या भातावर ठेवून माणसाला अशक्त करायचे कारण नाही. मळमळ थांबली, की साधे घरचे जेवण, बेताच्या फोडणीसकट, चालते. हळदीचा गुन्हा केवळ तिच्या रंगाचा. आमटीतल्या चिमूटभर हळदीने कुणाची कावीळ वाढत नाही. (हल्ली हळदीच्या अर्काच्या ज्या भारी मात्रेच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांनी मात्र यकृताला इजा झाल्याचे नोंदवले गेले आहे. म्हणजे आजीने हळद बंद केली ते चुकीच्या कारणाने, आणि नातू हळदीच्या गोळ्या घेतो तेही चुकीच्या कारणाने.)

आणि उसाचा रस! त्यातली साखर थकलेल्या शरीराला बरी वाटते, यात वाद नाही. पण तो कुठून आणतात? कोपऱ्यावरच्या चरकातून. घोंघावणाऱ्या माश्या, एकाच बादलीत बुचकळलेले पेले, आणि कुठल्या पाण्याचा हे देवाला ठाऊक असा बर्फ. ‘ए’ आणि ‘ई’ विषाणूंना यापेक्षा चांगला पाहुणचार मिळणे कठीण. ज्या रसाने कावीळ बरी होते अशी समजूत आहे, त्याच पेल्यातून शेजारच्याला ती मिळायची सोय आहे. ऊस घरी आणून, धुऊन, सोलून, कांड्या चावून खाव्यात. दातांना व्यायामही होतो.

दुखणे जुने असेल, दारूने किंवा ‘बी’, ‘सी’ विषाणूंनी यकृत घट्ट, गाठीगाठीचे झाले असेल, तर पथ्याचे नियम उलटेच होतात. अशा रोग्याच्या यकृतात साठवणीची ताकद उरत नाही. तो रात्रभर उपाशी राहिला, तर शरीर स्नायू मोडून खाऊ लागते. म्हणून त्याला आता निजण्यापूर्वी काही तरी खायला सांगतात, आणि पूर्वीसारखी डाळ-दूध-अंडी बंद करत नाहीत. अशा माणसाने ‘यकृताला विश्रांती’ म्हणून कडक उपवास धरणे हे त्याच्या जिवावर बेतणारे आहे. ‘सी’ विषाणूवर तर आज बारा आठवड्यांच्या गोळ्या आहेत, ज्यांनी बहुसंख्य रोगी पूर्ण बरे होतात, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. ‘बी’वर लस आहे, बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत पहिली द्यायची असते. डॉक्टरांकडे औषध नाही, हे वाक्य येथे साफ खोटे ठरते.

अलीकडे ओट्याची जागा चकचकीत बाटलीने घेतली आहे. आता कावीळ व्हायचीही गरज नाही. धडधाकट माणसानेच यकृत ‘स्वच्छ’ करून घ्यायचे. वास्तविक यकृत म्हणजे चहाची गाळणी नव्हे, की तिच्यात गाळ साचावा आणि धुऊन काढावा. ते अपायकारक द्रव्ये साठवत नाही, त्यांचे रूपांतर करून बाहेर घालवते, आणि स्वतःची झीज स्वतःच भरून काढते. जिवंत दात्याने यकृताचा अर्धाअधिक भाग देऊन टाकला, तरी उरलेला काही महिन्यांत जवळजवळ पूर्वीएवढा होतो. ऑलिव्हचे तेल आणि लिंबाचा रस पिऊन पित्ताचे खडे पाडण्याचा एक प्रकार आहे. दुसऱ्या दिवशी हिरवे मऊ गोळे पडतात आणि माणूस थक्क होतो. २००५ मध्ये अशा गोळ्यांची तपासणी करून ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले गेले: ते खडे नव्हतेच. पोटात त्या तेलाचाच साबण झाला होता.

कडू म्हणजे गुणकारी, ही आपल्या मनात लहानपणी भरवलेली गोष्ट आहे. तान्ह्या मुलाला बाळकडू, पाडव्याला कडुनिंबाची पाने, जरा मोठे झाल्यावर सुटीच्या दिवशी सक्काळी एरंडेल. भाषेतही ‘बाळकडू’ हा गौरवाचा शब्द झाला. पण याच विश्वासाने घात होतो. सकाळी दुधीचा रस पिण्याची टूम निघाली, आणि क्वचित एखादा दुधी कडू निघतो. त्यात काकडीच्या कुळातले तीव्र विष असते. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला. नंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले: रस कडू लागला, तर घोटही घेऊ नये, फेकून द्यावा. औषध आहे, कडू असणारच, म्हणून डोळे मिटून पेला संपवणाऱ्यांना हे सांगायलाच हवे.

आजच्या शहरी घरांत यकृताचे जे खरे दुखणे आहे, ते म्हणजे त्यावर साचणारी चरबी. त्याला कोणताही अर्क लागत नाही. वजन शेकडा सात ते दहाने उतरवले, तर यकृताची सूज कमी होते, हे नीट सिद्ध झालेले आहे. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक आणि चालणे. दारू नको, गोड पेये नकोत. यात विकण्यासारखे काही नसल्याने याची जाहिरात होत नाही.

राहिला प्रश्न ज्यांना थांबणे परवडत नाही, त्यांचा.

१९५५च्या अखेरीस दिल्लीत यमुनेला पूर आला, नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटे फिरून वझिराबादच्या पाणीपुरवठ्यात शिरले, आणि काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. बहुतेक सगळे बरे झाले. मृत्यूंचे प्रमाण जास्त होते ते गरोदर स्त्रियांत. त्या वेळी याचे कारण उमगले नाही. पुढे १९८३ मध्ये मॉस्कोच्या मिखाईल बालायान या शास्त्रज्ञाने अफगाणिस्तानातील आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन केला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो नवा विषाणू पाहिला. तोच पुढे ‘ई’ म्हणून ओळखला गेला. दिल्लीची साथही त्याचीच होती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कळले. हा विषाणू इतरांना दोन-चार आठवडे लोळवून सोडून देतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो गाठला, तर पाचात एक, कधी चारात एक स्त्री दगावते. २०१२ मध्ये इचलकरंजीत याच विषाणूची साथ आली होती. तेव्हाही कारण पाण्याचेच.

सात-आठ महिन्यांच्या गरोदर लेकीचे डोळे पिवळे दिसले, तर रविवारची वाट पाहायची नसते. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे. कुठल्याही रोग्याला गुंगी येऊ लागली, तो असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर तासही मोलाचे असतात. पन्नाशी-साठीच्या गृहस्थाला कसलाही ताप नसताना, पोट न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली आणि शौच पांढरट झाली, तर नळी कुठे तरी अडली आहे. ती गाठ असू शकते. महिनाभर एरंडाचा रस घेऊन आलेल्या अशा रोग्यावर जी शस्त्रक्रिया आधी करता आली असती, ती पुष्कळदा करता येत नाही.

आणि तान्ही बाळे. जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेक बाळे थोडी पिवळी होतात आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप निवळतात. आपल्या आज्या त्यांना कोवळ्या उन्हात धरत आल्या. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात रॉचफर्डच्या रुग्णालयातील एका परिचारिकेच्या लक्षात आले, की उन्हात नेलेल्या बाळांचा पिवळेपणा कमी होतो, आणि त्यातूनच आजची निळ्या दिव्यांची पेटी आली. मात्र पिवळेपणा फार असेल, तर नुसते ऊन पुरत नाही. तो मेंदूला बाधतो, आणि मग ती पेटीच लागते. क्वचित एखाद्या बाळाच्या पित्तनळ्याच बंद असतात. मोरिओ कासाई या जपानी शल्यविशारदाने त्यावर शस्त्रक्रिया शोधली, पण ती साधारण दोन महिन्यांच्या आत झाली, तर यशाची शक्यता चांगली. नंतर यकृत झपाट्याने खराब होत जाते. अशी बाळे पहिले काही आठवडे गुटगुटीत असतात, दूध पितात, हसतात. खूण एकच: पिवळेपणा दोन आठवड्यांनंतरही जात नाही आणि शी पांढुरकी, मातकट होते. तैवान आणि जपानमध्ये बाळंतिणीला घरी जाताना एक रंगांचे कार्ड देतात, त्यावर निरनिराळ्या छटांची शी छापलेली असते. आईने बाळाचा लंगोट त्याच्याशी ताडून पाहायचा आणि फिकट रंगाशी जुळला, तर लगेच डॉक्टरांना कळवायचे. आपल्याकडे कार्ड नसले, तरी लंगोट बदलणारी आजी असते, आणि वाटलेले तीळ कसे दिसतात हे तिला कुणी सांगावे लागत नाही.